न विझणारा कंदील

जी चूक सांगणार आहे ती करायला रसायनशास्त्राची एम.एस्सी. लागते. न शिकलेल्या माणसाला ती जमणार नाही. माझ्या सासरच्या गावात चारशे उंबरे आहेत आणि त्यांतल्या कुणाच्याही हातून ती झाली नसती, एवढी चौकशी मी नंतर करून घेतली.

मार्च संपता संपता मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझे सासरे, तात्याबा. मंगळवेढ्याच्या पुढे आमचं गाव आहे. थोडी काळी जमीन, साठ-सत्तर मेंढरं आणि गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, एक पेव, एवढा पसारा. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. आत कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून माती-शेणानं लिंपून टाकायचं आणि गरज पडेपर्यंत विसरून जायचं. आमच्या पेवात सहा वर्षांपूर्वीची ज्वारी होती. त्या जागेवर आता ग्रामपंचायत पेव्हर ब्लॉक टाकणार होती, त्यामुळे पेव रिकामं करणं भाग होतं.

"सिद्धराम उतरंल," मामा म्हणाले. "पर कंदील लागंल. घरच्याला रॉकेल न्हाय. सोलापुरात बघ की कायतरी."

सिद्धराम माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, म्हणून अजून त्याला अरे-तुरे करते. आता त्याला दोन मुली आहेत.

पेवात माणूस उतरवणं जोखमीचं असतं हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नाआधी गावातला एकजण पेवात उतरला तो जिवंत वर आला नाही. ही गोष्ट मी बावीस वर्षांत निदान बावीस वेळा ऐकली असेल. "पेवानं त्याला घेतला," एवढंच सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालतात. मी सोलापूर शहरात वाढलेली. पुढचं मी माझं मी भरून घेतलं होतं: अंधार, निसरडी भिंत, तोल गेला, मान मोडली. ऐकताना दर वेळी मनात म्हणायचे, नीट उजेड असता तर माणूस वाचला असता.

आता तो उजेड आणायची जबाबदारी माझ्यावर आली होती. सिद्धरामचा जीव माझ्या कंदिलावर अवलंबून आहे, या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त मला त्याचा अर्थ लागलेला नव्हता.

मी कागद घेतला आणि सात रकाने आखले. उजेड किती, किती तास, वजन, टांगायची सोय, पडला तर फुटतो का, धूळ-पाणी सोसतो का, सेलवर की चार्जिंगवर. रॉकेलचा कंदील मी यादीतच घेतला नाही. खाली सगळा कडबा, वर बाहेर पडायला एकच तोंड, अशा जागी उघडी ज्योत कोण सोडेल? ही ओळ मी कागदाच्या वर लाल शाईनं लिहिली होती. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सात रस्त्याजवळ कल्लप्पांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी चार वेळा गेले. पहिल्या दिवशी त्यांनी काउंटरवर सहा कंदील मांडले आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्याचं कौतुक सुरू केलं. त्याला वर सौर पत्रा होता, बाजूला टॉर्च होता, मोबाइल चार्ज व्हायचा आणि रेडिओही लागायचा. मी म्हटलं की पेवात रेडिओ कोण ऐकणार. त्यांनी न हसता तो मागे ठेवला.

मग मी काळोख मागितला. उजेडाची पारख उजेडात होत नाही. कल्लप्पांनी जिन्याखालची खोक्यांची खोली उघडून दिली. मी आत जाऊन दार लावलं आणि मोबाइलच्या प्रकाश मोजणाऱ्या अ‍ॅपवर एकेका कंदिलाचं एक मीटरवरचं आणि दोन मीटरवरचं माप घेतलं. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई व्हायला हवा. तो होत नव्हता, कारण खोक्यांचा पांढरा पुठ्ठा उजेड परतवत होता. दुसऱ्या दिवशी मी काळी शाल घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मी आत असताना बाहेर एका गिऱ्हाइकानं विचारलं, आत कोण आहे. कल्लप्पा म्हणाले, "मॅडम आहेत की ओ. कंदील बघतात." मी बाहेर आले तेव्हा त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, साहेबांना बघायला गेलता तेव्हा किती वेळा गेलता?"

एकदाच, मी खरं ते सांगितलं.

"मग कंदील चांगलाच निघणार," ते म्हणाले.

मी निवडलेला कंदील तांब्याएवढा होता. खाली रबराचं बूड, वर तारेची कडी, बुडालाही एक आकडा, म्हणजे उलटाही टांगता येईल. तीन मोठे सेल. चार्जिंगचा मुद्दाम घेतला नाही, कारण चार्जिंगचा कंदील नुसता पडून राहिला तरी आतल्या आत उतरत जातो आणि ऐन वेळी दगा देतो. सेल संपले तर नवे घालता येतात. उजेड पांढरा, पण निळसर नाही. बुरशी लागलेला दाणा आणि चांगला दाणा यांतला फरक दिसायला तसा लागतो. डब्यावर चाळीस तास लिहिलं होतं. डब्यावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ वाजता न्हाणीघरात काळी शाल लावून तो पेटवला आणि दर वीस मिनिटांनी माप घेतलं. उजेड अकरा तास वीस मिनिटांनी निम्म्यावर आला आणि त्यानंतर तासाभरात अगदीच मंदावला. त्या दिवशी घरात कुणाची अंघोळ झाली नाही. माझे यजमान माउली कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत, ते नेमके सुट्टीला आले होते. त्यांनी टॉवेल खांद्यावर घेऊन दोन वेळा दाराशी चौकशी केली आणि मग हात-पाय धुऊन घेतले. कशासाठी चाललंय, ते म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या भावासाठी.

तो कंदील मी दोनदा गच्चीवरून अंगणात टाकला. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला. टेबलफॅनसमोर धरला, तो का धरला हे आता मलाही सांगता येत नाही. विजेच्या दिव्याला वारा लागत नाही हे पडताळून पाहणारी मी जगातली पहिली बाई असेन.

शनिवारी सकाळच्या एसटीनं गावी पोचले. पेव पांढरीत एका लिंबाच्या झाडाजवळ आहे. झाडाखाली बाजेवर मामा बसले होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि दुसऱ्याचं ऑपरेशन फारसं साधलं नाही. ऊन-सावली कळते, माणूस आवाजावरून ओळखतात. शिळा काढून दोन तास झाले होते. सिद्धराम आणि शेजारचे बापूसाहेब दोर सोडवत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई बनाबाई, घरी चहा करायला गेल्या होत्या.

मी कंदील मामांच्या हातात दिला. त्यांनी तो मेंढराच्या पिलासारखा सगळीकडून चाचपला.

"काच कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ह्याला काच लागत नाही.

"मग वाऱ्यानं विझंल की."

"वाऱ्यानं विझत नाही, मामा."

"पावसानं?"

"पावसानंही नाही. पाण्यात अर्धा तास बुडवून बघितलाय."

मामा खुलले. त्यांनी बापूसाहेबांना हाक मारून सांगितलं की थोरलीनं असा कंदील आणलाय, जो कशानंच विझत न्हाय. बापूसाहेबांनीही मान डोलावली. उन्हात उभी राहून मी ते कौतुक ऐकून घेतलं. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर गेलेल्या मुलींचे चेहरे मी शाळेत दर वर्षी बघते. माझा चेहरा तसा झाला असणार.

मग कंदील पेवात सोडायचं ठरलं. मामा म्हणाले, दिवा सोडा आणि जरा थांबा, घाई करू नका. ते मला फार समंजस वाटलं. डोळे उजेडाला सरावायला वेळ लागतोच. मी कडीला सुतळी बांधली, सुतळीवर आधीच फुटाफुटावर शाईच्या खुणा केल्या होत्या, आणि कंदील हळूहळू खाली सोडला. एक फूट, दोन, चार, सात. सातव्या फुटावर तो ज्वारीला टेकला. पेवाचं सगळं पोट आतून उजळलं. कडब्याची काडी न् काडी, भिंतीतल्या पाय ठेवायच्या खोबणी, ज्वारीवर कडेकडेनं आलेला हिरवट पट्टा, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी एवढी हरखले की फोटो काढला.

"दिवा हाय का?" मामांनी बाजेवरून विचारलं.

"आहे, मामा."

थोड्या वेळानं पुन्हा: "कसा हाय?"

"एकदम स्थिर."

त्यांनी पान लावलं, चघळलं, चोथा बाजूला टाकला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मी पेवात वाकून पाहिलं आणि मनापासून सांगितलं, "मामा, जराही मंद झालेला नाही."

"मग उतरू द्या," ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिद्धराम याआधी पेवात उतरला होता तो भरायच्या वेळी, पेव उघडं आणि रिकामं असताना. मुरलेलं पेव उघडायची त्याची ही पहिलीच वेळ. दिवा कशासाठी सोडतात हे त्यानं लहानपणी ऐकलं होतं. पण वडील दिवा विचारतायत, वहिनी दिवा चांगला आहे म्हणतेय, आणि वहिनी हाच विषय शिकवते, मग त्यानं वेगळं काय विचारायचं? तरी दोर कमरेला बांधताना त्यानं विचारलं, "वैनी, हवा बरी हाय ना आत?"

मी म्हटलं, "दिवा बघ की किती स्वच्छ दिसतोय."

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा मनात उच्चारून बघितलं आहे. त्यात कुठेही खोटं नाही. परीक्षेत असं उत्तर आलं तर मी समासात "प्रश्न पुन्हा वाचा" असं लिहिते.

सिद्धरामनं तोंडाच्या कडेला हात टेकले आणि पाय आत सोडून पहिली खोबण शोधली. मग दुसरी, तिसरी, अशा पाच. बापूसाहेब दोर सैल सोडत होते. त्याचं डोकं जमिनीच्या पातळीखाली गेलं. खालून तो म्हणाला की आंबूस वास येतोय आणि नाकात झोंबल्यासारखं होतंय. बापूसाहेब म्हणाले, पेवाला वास असतोच. मीही तेच म्हणाले, आणि वर असंही म्हणाले की ज्वारी थोडी आंबली असेल. आंबताना कोणता वायू बाहेर पडतो हे मी दर जुलैमध्ये फळ्यावर लिहिते.

तेवढ्यात आत्या किटली आणि कप घेऊन आल्या. त्यांनी किटली बाजेवर ठेवली, पदर खोचला आणि पेवाच्या कडेला येऊन वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारलं,

"ह्यो विझतो कवा?"

"अकरा तास वीस मिनिटांनी," मी म्हटलं.

माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय अशा चेहऱ्यानं आत्या बघत राहिल्या. आणि मला माझंच उत्तर ऐकू आलं. त्यांनी विचारलं होतं की हा दिवा विझतो कधी, कशानं. आणि मी सेल संपायची वेळ सांगत होते. हा दिवा वाऱ्यानं विझत नाही, पाण्यानं विझत नाही. मी तपासायची एकच गोष्ट राहिली होती. म्हणजे तसं पाहिलं तर तीही आत्ताच तपासून झाली होती.

"सिद्धराम, वर ये," मी म्हटलं.

"आत्ता तर उतरलो की, वैनी."

"आहेस तिथून वर ये. खाली पाय टाकू नकोस."

माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे, बापूसाहेबांनी मला न विचारता दोर ओढायला घेतला. मीही धरला. सिद्धराम कडेवर छाती टेकून वर आला, मातीत बसला आणि डोकं जड झालंय म्हणाला. तो धापा टाकत होता. पाच खोबणी उतरायला आणि चढायला लागते त्यापेक्षा जास्त. आत्यांनी त्याला लिंबाखाली नेलं, पाणी पाजलं आणि घरी जाऊन देवापुढची पणती घेऊन आल्या.

पणती आम्ही एका डब्यात ठेवली आणि तो डबा माझ्याच खुणांच्या सुतळीच्या दुसऱ्या टोकानं खाली सोडला. एका फुटावर ज्योत ठीक होती. दोन फुटांवर ती बारीक झाली आणि वातीवरून उचलल्यासारखी दिसू लागली. अडीच फुटांवर गेली. धूर सरळ वर न येता आतच पसरून राहिला. खाली माझा कंदील लखलखत होता, त्यामुळे तो धूर फार छान दिसला.

मी पणती पुन्हा पेटवून पुन्हा सोडली. मग तिसऱ्यांदा. बापूसाहेबांनी विचारलं, आता कशाला. मी म्हटलं, तीन वेळा माप घ्यावं लागतं. दर वेळी अडीच फूट. मग मी सिद्धराम उभा होता ती खोबण मोजली. त्याचं नाक तेव्हा जमिनीखाली दीड फुटावर होतं. पुढची खोबण एक फूट खाली होती.

बेरीज मी दोनदा करून पाहिली, ती तीच आली.

बावीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि त्यात जळती काडी विझते. तीन मुद्दे, तीन गुण. जळती काडी हा शब्द नसेल तर मी एक गुण कापते.

मामांना सांगणं भाग होतं. ते बाजेवर कान देऊन बसले होते. गडबड झाली एवढं त्यांना कळलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की मी आणलेला दिवा सेलवर चालतो, त्याला हवेशी काही देणंघेणं नाही, वाईट हवेतही तो तसाच दिसतो.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"म्हंजी मी तीनदा इचारलं," ते म्हणाले, "आन तू तीनदा सांगितलंस."

"हो."

"मला दिसत न्हाय म्हून तुला इचारत हुतो."

त्यांनी सिद्धरामला हाक मारून जवळ बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर-खाली होते आहे का हे ते हातानं बघत होते असं मला वाटतं. मग म्हणाले, "काच न्हाय म्हणलीस तवाच मला कळाया पायजे हुतं. मी बी कौतुकातच ऱ्हायलो." आणि थोड्या वेळानं, "पोरी, तुझ्या दिव्याला डोळं लई चांगलं हायती. नाक न्हाय."

चहा गार झाला होता, तो आत्यांनी तसाच सगळ्यांना दिला.

संध्याकाळी माउलींना फोन करून सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी अगदी सावधपणे, शंका विचारावी तसं विचारलं, "मेणबत्ती विझते ना गं त्या वायूत? तूच आपल्या सोनमला दहावीला पाठ करून घेतलंस." मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "आणि त्या दिवशी मला अंघोळ करू दिली नाहीस."

दोन दिवस हवा काढण्यात गेले. त्याची रीत अशी: घोंगड्याच्या मधोमध दोर बांधायचा आणि ते पेवात खाली सोडून झटक्यानं वर ओढायचं. पुन्हा सोडायचं, पुन्हा ओढायचं. रहाटासारखं काम, फक्त पाण्याऐवजी हवा उपसायची. खांदे निखळतात. सिद्धरामला मी दोराला हात लावू दिला नाही. मी आणि बापूसाहेबांनी आळीपाळीनं ओढलं. मी शंभरपर्यंत मोजून थांबत होते. सिद्धराम सावलीत बसून शेरे मारत होता. वहिनी, ह्या घोंगड्याचे किती तास भरतील? वहिनी, हे घोंगडं पाण्यात बुडवून बघितलं का? त्यानं मी काढलेला उजळलेल्या पेवाचा फोटो मागून घेतला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "एकदम स्थिर." त्यावर सतरा जणांनी अंगठे दिले. माझ्या जावेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिला नाही. ती दोन्ही दिवस माझ्याशी जेवायला बसा आणि पाणी घ्या, एवढंच बोलली. तिचं बरोबर होतं.

रविवारी मी एकदा म्हटलं की सोमवारी आधी मीच उतरते. ज्यानं चूक केली त्यानं पहिलं उतरावं, हे न्यायाचं आहे. आत्यांनी पेवाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत.

"डोकं जाईल तुझं," त्या म्हणाल्या. "बाकीची हितंच ऱ्हाशील."

पेवाचं तोंड मी मोजलं होतं. स्वतःला मोजलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पणती पुन्हा सोडली. ती दोन फूट गेली, अडीच गेली, चार गेली, सात फुटांवर ज्वारीला टेकली आणि जळत राहिली. मामांचं पान लावून, चघळून, थुंकून होईपर्यंत आम्ही थांबलो. अठरा मिनिटं. मग आणखी तेवढीच थांबलो, ती माझ्या आग्रहानं. पणती जळली म्हणजे आतली हवा अगदी शुद्ध आहे असंही नसतं. पण हे मी उगाच सांगते आहे. मामांना ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं, नाहीतर कुणी दोन दिवस घोंगडं कशाला ओढलं असतं?

पणतीच्या शेजारी माझा कंदीलही सोडला. तो हवाच होता. पणतीच्या उजेडात हिरवा पट्टा आणि चांगली ज्वारी वेगळी दिसली नसती.

सिद्धरामनं दोर कमरेला बांधला. दोन दिवस त्यानं माझी एवढी थट्टा केली होती की सगळं पूर्ववत झालंय असं मी धरून चालले होते. तो कडेला बसला, पाय आत सोडले आणि थांबला. मी त्याच्या अगदी समोर होते, सुतळी माझ्याच हातात होती, खाली पणती जळताना मला दिसत होती. त्यानं मान वळवून माझ्या पलीकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "उतरू?"

आत्या पुढे आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि वाकून पणती पाहिली. त्यांनी वेळ घेतला. मला विचारलं नव्हतं.

"उतर," त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांनी दोर घेतला आणि त्यांच्या मागे मी दोन्ही हातांनी धरला. सुतळी मी आत्यांकडे दिली. सिद्धरामचं डोकं जमिनीखाली गेलं, दीड फूट, अडीच फूट, मग मोजायचं मी सोडून दिलं. कंदिलाचा उजेड एवढा चांगला होता की कडेला झुकलं की त्याचा भांग दिसत होता, मानेवरचा घाम दिसत होता, खोबणीत टेकलेली बोटं दिसत होती. खालून पहिली पाटी भरून आली. ज्वारी वरची थोडी काळवंडलेली, आतली टणक आणि पिवळसर. मामांनी दाणा दाताखाली फोडला, बापूसाहेबांनी फोडला, कुणीतरी मलाही दिला. कसा आहे म्हणून सगळे विचारत होते.

मी दाणा तोंडात धरून ठेवला होता. चावायला सुचलं नाही. पेवाच्या तळाशी, त्या लखलखीत कंदिलाच्या बाजूला, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही एवढी बारीक ज्योत होती, आणि सिद्धराम वर येईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही.